नसण्याचं बिल

हॉटेलात आपण पैसे मोजतो ते असलेल्या गोष्टींचे. एसी आहे, लिफ्ट आहे, नाश्त्याला इडली आहे, पोहायला तलाव आहे (आपण उतरणार नाही, पण आहे). आफ्रिकेतल्या आडरानातल्या सफारीचा हिशेब नेमका उलटा असतो. तिथं नसलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे पडतात. खोलीला भिंत नाही? वाढवा. वीज चोवीस तास नाही? वाढवा. मोबाइलला रेंज नाही? अजून वाढवा. कुंपण नाही आणि त्यामुळे रात्री हत्ती दाराशी येऊ शकतो? मग तर विचारूच नका. नसलेल्या गोष्टींत सगळ्यात महाग म्हणजे दुसरी माणसं. जिथं आसपास चिटपाखरू सोडून कोणी नाही, तिथला एका रात्रीचा दर बघून माणूस आधी डॉलरचा भाव तपासतो आणि मग स्वतःचा चष्मा.

टांझानियाच्या पश्चिमेला, टांगानिका सरोवराच्या जरा अलीकडे कटावी राष्ट्रीय उद्यान आहे. नसण्याच्या या धंद्यात त्याचा नंबर फार वरचा. १९७४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं १९९८ साली त्याची हद्द वाढवली. आज क्षेत्रफळ ४,४७१ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी बृहन्मुंबई सात वेळा आत ठेवता येईल, आणि त्या सगळ्यात कॅम्प म्हणाल तर एका हाताच्या बोटांवर मोजावेत. सेरेंगेटीला वर्षाकाठी लाखांनी माणसं जातात. कटावीला हजारांनी, तेही थोडक्याच हजारांनी. रस्त्यानं दार-एस-सलामहून यायचं तर दोन दिवसांची निश्चिंती. रेल्वेचा एक फाटा जवळच्या म्पांडा गावापर्यंत येतो आणि तिथंच संपतो. त्याच्यापुढं जाण्यासारखं काही आहे असं रेल्वेलाही वाटलेलं नाही.

आपल्याकडे ‘आफ्रिका केली’ म्हणजे मसाई मारा केलं. त्याची आता चांगली घडी बसली आहे. ग्रुप असतो, टूर मॅनेजर असतो, जेवायला वरणभात असतो, सातव्या मिनिटाला सिंह दिसतो आणि रात्री अंताक्षरीत ‘म’वरून गाणी निघतात. वाईट काहीच नाही. पण एकदा मारा झालं, की काही घरांत एक नवाच आजार शिरतो. ‘गर्दी फार होती हो’ असं म्हणायला लागतात. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर माणूस नकाशा उघडून, जिथं काहीच लिहिलेलं नाही अशा जागी बोट ठेवतो. आमच्या घरात ते बोट हिनं ठेवलं, माझा वाटा पासवर्ड टाकण्यापुरता.

नसण्याची सुरुवात सामानापासून होते. कटावीला जाणारी विमानं छोटी असतात, एका इंजिनाची, डझनभर माणसं मावतील अशी, आणि तीही आठवड्यातल्या ठरावीक वारीच. सामान माणशी पंधरा किलो. त्यात हातातली पिशवी, कॅमेरा, पुस्तक, सगळं आलं. बॅग मऊ हवी, चाकं नकोत, कारण ती विमानाच्या पोटातल्या खणात दाबून बसवायची असते. आता पंधरा किलोत मराठी माणसानं बसायचं कसं? चिवडा, मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि ‘कोणाला लागलंच तर’ म्हणून घेतलेलं लिंबाचं लोणचं एवढं भरलं की उरलेल्या वजनात फार तर दोन बनियन बसतात. त्यातून टांझानियानं १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आहे आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी आणि वरून गाठ हे आपल्या प्रवासाचं मूळ तत्त्वच तिथं बेकायदा ठरतं. हिनं सगळा खाऊ जुन्या उशीच्या अभ्र्यांत भरला. वजनकाट्याशेजारचा माणूस त्या अभ्र्यांकडे बराच वेळ बघत होता.

काट्याच्या अलीकडे एक वेगळाच उद्योग चालतो. लोक बॅगेतल्या जड वस्तू काढून अंगावरच्या जाकिटाच्या खिशांत भरतात. आमच्याबरोबर ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले काका होते. त्यांच्या एका खिशात लेन्स, दुसऱ्यात दुर्बीण, तिसऱ्यात चार्जर, छातीशी पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. बॅग चौदा किलो भरली आणि काकांना चालता येईना. वैमानिक अर्ध्या चड्डीत आला, त्यानं सामान स्वतःच चढवलं, दार स्वतःच लावलं आणि मागं वळून सुरक्षेच्या सूचना तोंडीच सांगितल्या. काका माझ्या कानाशी आले. “अहो, हा एकटाच आहे. याला काही झालं तर?” मी म्हटलं, “काका, तुम्ही पुढच्या सीटवर बसलाय, म्हणजे तुम्हीच.” त्यानंतर दोन तास काकांनी त्याच्या तब्येतीवरची नजर हटवली नाही.

कटावीतल्या इकूच्या धावपट्टीला पट्टी म्हणायचं ते मुरमाचा रंग गवतापेक्षा वेगळा आहे म्हणून. विमान उतरायच्या आधी कॅम्पची जीप त्यावरून एक चक्कर मारते आणि झेब्रे हाकलते. टर्मिनल म्हणजे झाडाची सावली. तिथं एक माणूस ट्रेमध्ये ओले गार रुमाल घेऊन उभा असतो. तोंड पुसलं की रुमाल विटकरी होतो आणि आपण आल्याची नोंद झाली असं समजायचं.

राहायला तंबू. आत मात्र पांढऱ्याशुभ्र चादरी, लिहायला मेज, मेजावर कागद आणि पितळी दिवा. या साधेपणावर किती खर्च झाला असेल याचा अंदाज येतो. आंघोळीची पद्धत अशी : आपण वेळ सांगायची, त्या वेळेला एक जण मागच्या बाजूनं येऊन गरम पाण्याची बादली झाडावर चढवतो आणि “रेडी” म्हणतो. मग आपण साखळी ओढायची. बादली संपली की आंघोळ संपली. साबण कुठवर पोचलाय याच्याशी बादलीला देणंघेणं नसतं. ज्या पिढीनं बादलीभर पाण्यात आंघोळी करून बालपण काढलं, मग पै-पै जमवून शॉवर बसवला, तीच पिढी डॉलर मोजून परत बादलीखाली उभी राहते आणि “काय मजा आली” म्हणते. कपडे धुऊन मिळतात. फक्त आतले कपडे आपले आपण धुवायचे असा अनेक कॅम्पांचा नियम असतो आणि त्यासाठी मेजावर साबणाची पूड ठेवलेली असते. संध्याकाळी म्हणूनच मोठमोठ्या कंपन्यांचे माजी संचालक तंबूच्या मागच्या दोरीपाशी भेटतात. एकमेकांकडे बघत नाहीत.

मग मॅनेजरबाई नियम सांगतात. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. जेवायला यायचं तर टॉर्च दाखवायचा, पहारेकरी घ्यायला येईल. तंबूची चेन पूर्ण लावायची. “चेन लावलेली असली की सिंह आत येत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. हिनं विचारलं, “त्याला माहीत आहे ना?” बाई हसल्या. उत्तर दिलं नाही.

रात्री झोप लागत नाही ती शांततेमुळे, असं पुस्तकांत लिहितात. शांतता कसली! सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवरून ऐकू येते. ती ऐकताना मात्र किलोमीटरचा हिशेब सुचत नाही, तो तंबूच्या कोणत्या बाजूला आहे एवढंच डोक्यात येतं. तरस ओरडतं त्याचा स्वर खालून सुरू होऊन वर जातो आणि वर गेल्यावर तिथंच प्रश्न विचारून थांबतो. पण खरी झोपमोड होते ती उशाशी चालणाऱ्या कर्रऽकर्र आवाजानं. पाणघोडा चरायला आलेला असतो. दिवसभर पाण्यात पडून राहिलेला हा दीड-दोन टनांचा जीव रात्री बाहेर पडतो आणि रुंद ओठांनी गवत उपटत एका रात्रीत चाळीसेक किलो फस्त करतो. तुमचा तंबू नेमका त्या गवतात असतो. आत आपण श्वास रोखून पडलेले, बाहेर तो निवांत जेवतोय, मध्ये एक कापड. हे कापडच ब्रोशरात ठळक अक्षरांत असतं.

सकाळी गाडी निघते आणि आणखी एक रहिवासी भेटतो, ज्याचं नाव ब्रोशरात बारीक अक्षरांत असतं. त्सेत्से माशी. दिसायला घरमाशीची थोरली बहीण, बसली की पंख पाठीवर एकावर एक घडी घालून ठेवणारी. चावते जीनच्या पँटमधूनसुद्धा. हलणारी, गडद, मोठी वस्तू दिसली की तिला ते जनावर वाटतं, त्यामुळे चालती गाडी म्हणजे तिच्या लेखी भरल्या ताटाचं जनावर, आणि आत बसलेले आपण त्यातला मऊ भाग. निळा आणि काळा रंग तिला विशेष प्रिय. माश्या पकडायचे सापळेही म्हणून निळ्या-काळ्या कापडाचे करतात आणि ते रानात झाडांना टांगलेले दिसतात. काका निळी जीन आणि नेव्ही ब्लू टी-शर्ट घालून आले होते. गाईडनं त्यांच्याकडे बघितलं, सापळ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळ्यांत मागच्या सीटवर बसवलं. उरलेल्या प्रवासात आम्हाला फारसा त्रास झाला नाही.

माशी मारायची म्हणून थप्पड मारावी तर ती सपाट होते, क्षणभर विचार करते आणि उडून जाते. थप्पड आपल्याला लागलेली असते. दर वेळी गाईड पुढून “पोले, पोले” म्हणायचा. टांझानियात समोरच्याला ठेच लागली, उकडलं, माशी चावली तरी असं हळहळतात. सहानुभूती खरी असते, माशी मात्र जात नाही. शेवटी त्यानं एका पत्र्याच्या डब्यात हत्तीचं वाळलेलं शेण पेटवलं आणि डबा गाडीच्या मागं टांगला. धुरानं माश्या बऱ्याच कमी झाल्या. युरोपातून आलेली, केसांना कसलंसं महागडं तेल लावलेली मंडळी मग आपण होऊन त्या धुराच्या दिशेला सरकून बसू लागली.

माशीला शिव्या घालणं सोपं आहे, पण हिशेब केला तर हे उद्यान तिच्याच नावावर लागतं. तिच्या चाव्यानं माणसाला निद्रारोग होतो (पर्यटकांना क्वचित, पण होतो) आणि गुराढोरांना नागाना नावाचा रोग होऊन ती मरतात. गुरं जगत नाहीत म्हटल्यावर गुराखी आले नाहीत, वस्ती झाली नाही आणि रान राहिलं. वनखातं, कायदे, परिषदा हे सगळं पुढचं. त्याआधीची हजारो वर्षं बिनपगारी रखवाली या माशीनं केली आहे. फाटकावर पुतळा बसवायचाच असेल तर तिचा बसवावा, निळ्या चौथऱ्यावर.

झेब्र्याच्या अंगावर पट्टे का, या जुन्या प्रश्नाचा धागाही अशाच चावऱ्या माश्यांपाशी जातो. कटावीत वर्षानुवर्षं काम केलेले टिम कारो या संशोधकाचं म्हणणं असं, की पट्टे सिंहाला चकवण्यासाठी नाहीत, माश्यांना चकवण्यासाठी आहेत. २०१९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये चक्क घोड्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांचे झगे घालून बघितलं. घोडमाश्या जवळ येत होत्या, पण त्यांना नीट उतरताच येत नव्हतं. गाईडनं हे सांगितल्यावर काकांनी विचारलं, “असला शर्ट कॅम्पच्या दुकानात मिळेल का?” दुकानात होते ते निळे.

आणि मग कटूमा नदी.

नदी म्हणजे पावसाळ्यानंतर. जून उजाडला की ती आटायला लागते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तिच्यात पाणी कमी नि चिखल जास्त उरतो. मैलोगणती पसरलेले पाणघोडे मग उरलेल्या डबक्यांकडे सरकतात आणि एकेका चिखलाच्या खड्ड्यात शेकड्यांनी जमा होतात. आम्ही पोचलो तेव्हा मला आधी खडकच वाटले. करडे, गोलसर, एकमेकांना खेटलेले. मग एका खडकानं कान हलवले.

हा देखावा मी जगात कुठंतरी पाहिला आहे असं सारखं वाटत होतं आणि पहिला आवाज झाला तेव्हा उलगडा झाला. ही सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. डाव्या कोपऱ्यातला एक जण काहीही कारण नसताना “हुं-हुं-हुं-हुं” करतो. शेजारचा त्याला अनुमोदन देतो. मग तिसरा, मग मधली अख्खी रांग, आणि आवाज पसरत पसरत पार पलीकडच्या काठापर्यंत जातो. तिथला एक ज्येष्ठ सभासद आतापर्यंत झोपलेला असतो. त्याला विषय माहीत नसतो, पण तो सगळ्यांहून मोठ्यांदा विरोध नोंदवतो. मग एकदम शांतता. ठराव कोणता होता आणि पास झाला की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. पाच मिनिटांनी डाव्या कोपऱ्यातला परत सुरू करतो.

सगळ्यांत खोल आणि ओली जागा अध्यक्षांची, म्हणजे सगळ्यांत दांडग्या नराची. त्याच्या पाठीवर जुन्या भांडणांचे व्रण असतात. कोणी अंगाला अंग लावलं की तो जबडा उघडतो. हौशी पर्यटक “बघ, बघ, जांभई!” म्हणून फोटो काढतात. जांभई नाही ती. आतले अर्ध्या मीटरचे सुळे मोजून घ्या, एवढंच त्याचं म्हणणं असतं. समोरच्यानं मोजले तर तो मागं सरतो. मोजले नाहीत तर चिखल उडतो, दोन्हीकडचे समर्थक बाजूला होतात आणि थोड्या वेळानं एक जण नवे व्रण घेऊन कडेला जाऊन बसतो. पोट साफ करायचीही एक रीत आहे. शेपटी पंख्यावाणी गरागरा फिरते आणि मागच्या सगळ्या सभासदांना समान वाटप होतं. कोणी तक्रार केल्याचं दिसलं नाही. माझ्या पाहण्यात तेवढा एकच विषय एकमतानं मंजूर झाला.

दुपारी बाराच्या उन्हात एक उशिरा आलेला नर काठावर उभा राहिला. पाणघोड्याच्या कातडीला ऊन सोसत नाही. अंगातून लालसर चिकट स्राव येतो, तोच उन्हापासूनचं मलम, तरी बाहेर फार काळ टिकाव लागत नाही. त्यामुळे याला आत यायचंच होतं आणि आत मुंगीलाही जागा नव्हती. त्यानं एक पाय कोणाच्या तरी पाठीवर ठेवला. सभेत गदारोळ झाला. त्यानं दुसरा पाय ठेवला. पुन्हा गदारोळ. कडेला उन्हात पसरलेल्या मगरीनं एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. (नदी आटली की मगरी काठाच्या मातीत खणलेल्या बिळांत सावलीला जातात, इतक्या की एका बिळात एकावर एक रचलेल्या दिसतात. ही बाहेर राहिली होती, म्हणजे तिलाही आत जागा मिळाली नसणार.) दहा मिनिटं ढकलाढकली झाली, आणि मग कसं कोण जाणे, तो मावला. कोण किती सरकलं कळलं नाही. आम्ही दोन तास गाडी बंद करून ते बघत बसलो होतो. वास असा होता, की मेतकुटाचा अभ्रा नाकाशी धरल्यावर बरं वाटलं.

एवढ्यात मागच्या सीटवरून काकांचा आवाज आला. “साहेब, हा बिग फाइव्हमध्ये येतो का?”

नाही येत. बिग फाइव्ह ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला ज्यांचा सगळ्यांत जास्त धोका ते पाच : हत्ती, सिंह, बिबट्या, रानरेडा, गेंडा. बंदुका गेल्या, कॅमेरे आले, यादी तीच राहिली. पाणघोडा त्यात नाही, जिराफ नाही, मगर नाही. माणसं मारण्याची योग्यता असून यादीत नाव नाही म्हणून पाणघोड्याला काही वाटत नसावं, काकांना मात्र फार वाटलं. दोन तासांचा मुक्काम यादीबाहेर खर्च झाला होता. गेंडा कटावीत नाहीच, हे कळल्यावर तर त्यांनी वहीत रीतसर रकाना आखून ‘लागू नाही’ असं लिहिलं. बँकेतली सवय.

सिंह मात्र दिसला. चिंचेखाली उताणा, चारी पाय वर, पोट टम्म. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास झोपून काढतो आणि उरलेल्या चारांत आपण पोचू याची खात्री कोणतीही कंपनी देत नाही. आम्ही थांबलो. त्यानं एकदा मान उचलली. एका दमात सगळे कॅमेरे कडकडले. त्यानं मान ठेवली. काकांनी वहीत टिक केली, वेळ लिहिली आणि “निघू या का?” म्हणाले. रानरेड्यांची गोष्ट निराळी. कटावीत त्यांचे कळप हजारांच्या घरातले. पठारावर काळी रेघ दिसते, आणि गाडी जवळ गेली की ती रेघ एकदम तुमच्याकडे तोंड करते. हजार जण एकाच वेळी आपल्याकडे रोखून बघताहेत आणि कोणाच्याही चेहऱ्यावर ओळखीची खूण नाही, हा अनुभव एरवी नवऱ्याला लग्नात मुलीकडच्या मांडवातच येतो.

पायी फिरायचीही सोय आहे. पुढं बंदूकवाला रेंजर, मागं एका ओळीत आपण. बोलायचं नाही. आणि मुख्य नियम, काहीही झालं तरी पळायचं नाही. गाडीतून बघायचे ते सिंह आणि हत्ती, पायी बघायच्या त्या त्यांच्या लेंड्या. गाईड दर दहा पावलांवर बसतो, एक लेंडी फोडतो आणि तिच्यातून अख्खा वृत्तांत वाचून दाखवतो : कोणी टाकली, काय खाल्लं होतं, किती वेळ झाला, कुठं गेला. “किती वेळ झाला?” या प्रश्नाचं उत्तर “आत्ताच” असं आलं तेव्हा आमची रांग आपोआप आखूड झाली.

माणसं नसण्याचे एवढे पैसे मोजून संध्याकाळी काय होतं? सगळ्यांना एका लांबलचक टेबलावर बसवून एकत्र जेवायला घालतात. दिवसभर एकांत, रात्री सक्तीचं संमेलन. आणि तिथल्या गप्पांचा विषय एकच : कोण किती रिकाम्या जागी जाऊन आलंय. जर्मन जोडप्यानं झांबियाच्या लुआंग्वाचं नाव घेतलं, “तिथं गर्दी व्हायच्या आधी.” इंग्रज आजोबांनी चाडमधलं झाकुमा काढलं. कोणाच्या जागी दिवसात दोन गाड्या दिसल्या होत्या, कोणाच्या जागी एक, आणि कोणाच्या जागी एकही नाही. प्रत्येक जण आपल्या आयुष्यातून माणसं वजा करत चालला होता. काका बराच वेळ गप्प होते. मग सूप बाजूला सारून म्हणाले, “मी ताडोबाला गेलो होतो, एसटीनं. राहायला वनखात्याचं विश्रामगृह. कंदील. खानसामा गावाला गेलेला, जीप बिघडलेली. तीन दिवस काहीही दिसलं नाही.” टेबलावर शांतता पसरली. यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मॅनेजरबाईंनी त्यांना पुडिंग दुसऱ्यांदा वाढलं.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी म्हटल्यावर रोज पास्ता. तिसऱ्या दिवशी हिला मागच्या चुलीकडून वास आला आणि ही वासामागून चालती झाली. कर्मचाऱ्यांचं जेवण चाललं होतं : उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, नारळाच्या दुधातला राजमा, मचिचा म्हणजे थेट आपला माठ, कांदा-टोमॅटोची कचुंबरी आणि तव्यावरून उतरलेली गरम, पदरांची चपाती. हिनं तिथंच स्टुलावर बसून जेवण केलं, वर शेंगदाण्याची चटणी वाढली आणि स्वयंपाक्याला माठात लसूण कधी घालायचा यावर दोन शब्द सांगून आली. तो सगळं ऐकून “सावा, मामा” म्हणाला. दुसऱ्या दिवशी जर्मन बाईंनी विचारलं, “तिकडं जेवायचे वेगळे पैसे पडतात का?”

परतायच्या दिवशी गाईड आम्हाला कटावी तळ्याकाठच्या एका चिंचेपाशी घेऊन गेला. या झाडात काटाबी नावाच्या पुराणकाळच्या शिकाऱ्याचा आत्मा राहतो अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. उद्यानाला नाव त्याच्यावरूनच पडलं. शिकारीला, प्रवासाला निघण्यापूर्वी लोक बुंध्याशी काहीतरी ठेवून आशीर्वाद मागतात. चिंचेवर कोणीतरी असतंच, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काकांनी सवयीनं बूट काढले. गाईड ओरडला, “घाला, घाला, मुंग्या आहेत!” काकांनी मुंग्यांसकट बूट घातले आणि एका पायावर उभं राहून हात जोडले. काय मागितलं ते सांगितलं नाही. विमानात मात्र वही उघडून गेंड्यापुढचं ‘लागू नाही’ खोडून ‘प्रलंबित’ लिहीत होते.

तर जायचंच असेल तर जून ते ऑक्टोबरमध्ये जा. सभा भरलेली बघायची असेल तर ऑगस्टच्या पुढं. नोव्हेंबरात पाऊस लागला की काळ्या मातीत गाड्या रुततात आणि सभासद पांगतात. बॅग मऊ घ्या, चिवडा अभ्र्यात भरा, निळं काहीही नेऊ नका. आणि एक विनंती. आल्यावर फार लोकांना सांगत बसू नका. एवढे पैसे मोजून आलो आणि पुढच्या खेपेला कटूमाच्या काठावर दुसरी गाडी दिसली, तर आम्ही भांडायचं कोणाशी?